फिरत्या सिम्युलेटरचं (पडद्यावर प्रसंग दाखवून पोलिसांना बळाच्या वापराचा सराव देणारं मशीन) दोन दिवसांचं ट्रेनिंग घेतलं, छोट्या पोलीस ठाण्यातल्यांसाठी सविस्तर लिहितेय

आमचं ठाणं नऊ जणांचं. त्यातले दोघं कायम रजेवर नाहीतर कोर्टाच्या तारखेला, म्हणजे रात्रपाळीला गाडीत दोनच माणसं, आणि हद्द इतकी लांबलचक की या टोकाहून त्या टोकाला जायला तास मोडतो. मदत मागितली तर शेजारच्या ठाण्याची गाडी यायला पाऊण तास लागतो, तोही रस्ता कोरडा असेल तर. हे आधीच सांगून टाकते कारण बळाच्या वापराचं कुठलंही ट्रेनिंग असो, ते आमच्यासारख्यांच्या कामाचं आहे की नाही हे या पाऊण तासावरच ठरतं असं माझं मत आहे आणि पुढचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत आणि त्यातल्या निम्म्या अशा प्रकारच्या कुठल्याही मशीनला लागू होतील.

तर, एक मोठा ट्रेलर येतो, ठाण्याच्या आवारात उभा राहतो, जनरेटर त्यांचाच. आत एक पडदा, प्रोजेक्टर, कॅमेरे. हातात जे पिस्तूल देतात ते वजनाला अगदी आपल्यासारखंच, गोळीऐवजी लेसर सुटतो आणि गॅसमुळे हाताला झटका बसतो. पेपर स्प्रेचा डबा पण तसाच, सिस्टिमला जोडलेला. पडद्यावर नटांना घेऊन शूट केलेले प्रसंग चालतात, इन्स्ट्रक्टर मागे कॉम्प्युटरवर बसून तुम्ही काय बोलता, कुठे उभे राहता ते बघतो आणि त्याप्रमाणे प्रसंगाला वळण देतो. नीट बोललात तर माणूस हातातलं खाली ठेवतो, उगाच चढलात तर तोही चढतो. नंतर सगळं रेकॉर्डिंग तुमच्यासमोर परत लावतात, तुमच्या आवाजासकट. पाच पडद्यांची, ३०० अंशांत घेरणारी मोठी मशिनं पण असतात बाजारात, आमच्याकडे आलेलं एकाच पडद्याचं होतं.

ट्रेलर आपल्या दारात येतो हा सगळ्यात मोठा फायदा, तो मनापासून मान्य. नऊपैकी चार माणसं दोन दिवस ट्रेनिंग सेंटरला पाठवली तर इकडे हद्द वाऱ्यावर पडते, म्हणून आमच्यासारखी ठाणी वर्षानुवर्षं फक्त टार्गेटवर गोळ्या मारून "वार्षिक सराव पूर्ण" असा शेरा मारत आलीत. इथे ड्युटी संपली की माणूस तासभर आत जायचा, दुसरा त्याच्या जागी बाहेर. एकदा तर मध्येच कॉल आला, दोघं तसेच पळाले आणि परत येऊन उरलेला प्रसंग केला.

आता मुख्य गोष्ट.

पहिल्या दिवशीचा माझा दुसरा प्रसंग. घराच्या मागे लाकडं रचलेली, एक म्हातारा माणूस कुऱ्हाड घेऊन उभा, पाठ आमच्याकडे. कॉल असा की तो घरच्यांना मारायला धावलाय. माझ्यासोबत आमचे जुने हवालदार, वीस वर्षं नोकरी झालेले, मी त्यांना दादाच म्हणते. आम्ही दोघं आत शिरलो, पिस्तूल काढलं, बोलायला लागलो, तो वळला, दोन पावलं पुढे आला आणि दादांनी गोळी झाडली. चाळीस सेकंदांत खेळ खलास. मला त्या क्षणी वाटलं बरोबर केलं.

मग रेकॉर्डिंग लावलं. मी अकरा वेळा एकच वाक्य बोलले होते, "कुऱ्हाड खाली टाक". अकरा वेळा, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा जोरात. त्याच वेळेला दादा ओरडत होते "हलू नकोस, जागचा हलू नकोस". आता कुऱ्हाड खाली टाकायची तर माणसाला वाकावं लागतं, हात हलवावा लागतो, म्हणजे तो माझं ऐकायला गेला की दादांचं मोडतो आणि दादांचं ऐकलं की मला वाटणार हा ऐकतच नाही. त्या माणसाने करायचं तरी काय? इन्स्ट्रक्टर सरांनी रेकॉर्डिंग थांबवलं आणि एवढंच विचारलं, "तो वळेपर्यंत त्याला तुम्ही दिसला होता का? ऐकू आलं होतं का?" पडद्यावरच्या त्या म्हाताऱ्याच्या कानामागे ऐकायचं यंत्र होतं. दोघांपैकी एकालाही दिसलं नाही. खरं तर दिसण्यासारखं होतं, पण नजर कुऱ्हाडीच्या पात्यावर खिळलेली, ताण आला की नजर अशी आक्रसते हे आम्ही पुस्तकात वाचलेलं, परीक्षेत लिहिलेलं. स्वतःच्या डोळ्यांनी ते रेकॉर्डिंगमध्ये बघणं वेगळं. दादा त्यानंतर बाहेर जाऊन बराच वेळ पायरीवर बसले होते. मला म्हणाले, "मॅडम, आपण आजवर नशिबावर निभावलं."

हा एक तास या सगळ्या ट्रेनिंगची वसुली आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही ठरवूनच टाकलं की बोलणारा एकच, दुसऱ्याने तोंड बंद ठेवून हात आणि आजूबाजूला बघायचं, आणि तिसऱ्यांदा सांगूनही माणूस करत नसेल तर तेच वाक्य चौथ्यांदा बोलायचं नाही, वेगळं बोलायचं, नाव विचारायचं, किंवा गप्प बसायचं. आता गाडीत बसतानाच आम्ही म्हणतो "आज तू बोल". कुणालाही करता येईल असं आहे हे, आणि मी आज फक्त हे सांगायला लिहिलं असतं तरी चाललं असतं.

पण मशीनवर माझा राग आहे तो इथून सुरू होतो.

त्या कुऱ्हाडीच्या प्रसंगात खऱ्या हद्दीत मी काय केलं असतं? मागे सरले असते. गाडीच्या पलीकडे गेले असते, मध्ये कुंपण ठेवलं असतं, अंगणातून बाहेर येऊन फाटकापाशी उभी राहिले असते आणि तिथून बोलले असते. गावाकडे जागा आहे आणि तेच आमचं सगळ्यात मोठं हत्यार आहे, कमी माणसं असली तरी. ट्रेलरमध्ये मागे तीन पावलं टाकली की पाठीला भिंत लागते. आणि मुळात मशीनला मागे सरणं हे उत्तर म्हणून कळतच नाही, तुम्ही मागे गेलात म्हणून चित्रातला माणूस लांब जात नाही. मी दुसऱ्या प्रयत्नात दोन पावलं मागे गेले, आडोशासाठी ठेवलेल्या बोर्डामागे गेले, तर तो पडद्यावर मोठामोठा होत आलाच. म्हणजे मी योग्य केलं आणि चित्राने मला शिक्षा दिली. दहा वेळा असं झालं की हात आपोआप काय शिकणार ते सांगायला नको.

२१ फुटांचं पण असंच. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की चाकूवाला २१ फुटांच्या आत आला की धोका पक्का समजायचा. हे नवीन पोरांच्या डोक्यात नियम म्हणून बसतं आणि ते चूक आहे. डेनिस ट्यूलर म्हणून अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस होते, त्यांनी १९८३ साली एक लेख लिहिला, त्यात मुद्दा असा की २१ फूट म्हणजे साधारण साडेसहा मीटर अंतर माणूस दीड सेकंदात धावून येतो आणि कंबरेचं पिस्तूल काढून नेम धरायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणून लांब राहा, आडोसा घ्या, लवकर सावध व्हा. वेळ आणि अंतराचा हिशोब आहे तो, गोळी झाडायची परवानगी नाही. मी हे वर्गात बोलले, सरांनी मान्यही केलं, पण त्यांच्या छापील कागदावर अजून तसंच आहे. ते बदला प्लीज.

प्रसंगांची निवड. दोन दिवसांत माझ्या वाट्याला बारा आले, त्यातले आठ गोळीबारावर संपले. बारातले नऊ शहरातले: ऑफिस, पार्किंग, अपार्टमेंटचा जिना, दुकान. आम्हाला लागतं काय तर बांधावरून दोन भावांची जुंपलेली भांडणं, दारू पिऊन दार लावून आत बसलेला माणूस, घरात कायदेशीर परवान्याची शिकारीची बंदूक आहे हे माहीत असलेलं घर, कुत्री सुटलेली, रस्त्यात सुटलेली गुरं आणि चिडलेला मालक, आणि आपला जीव द्यायला निघालेली माणसं, ती सगळ्यात जास्त. प्यू रिसर्च सेंटरने २०१७ साली अमेरिकेतल्या जवळपास आठ हजार पोलिसांचा सर्वे छापला होता, त्यात सरावाव्यतिरिक्त ड्युटीवर एकदा तरी गोळी झाडल्याचं सांगणारे २७ टक्के होते, तेही पूर्ण नोकरीत मिळून, आणि तेही बंदुकांनी भरलेल्या देशात. शिवाय तो सर्वे शंभर किंवा जास्त पोलीस असलेल्या खात्यांचाच होता, आमच्यासारखी नऊ जणांची ठाणी त्यात धरलेलीच नाहीत. तर मग बारापैकी आठदा गोळीबार कशासाठी? माणूस ट्रेलरमधून बाहेर पडतो तो प्रत्येक दारामागे बंदूक आहे असं समजून. आमच्या सगळ्यात लहान पोराने, नोकरीला आठ महिने झालेत, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साध्या भांडणाच्या कॉलवर गाडीतून उतरतानाच हात होल्स्टरवर, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानावर ठेवला. मी बघितलं. त्याला रात्री बाजूला घेऊन बोलावं लागलं.

आणि अनोळखी माणसं. पडद्यावरच्या कुणालाच आपण ओळखत नाही. आमच्याकडे दहापैकी आठ वेळा समोरच्याचं नाव माहीत असतं, त्याची बहीण कुठे दिली ते माहीत असतं, मागच्या पावसाळ्यात त्याचं काय नुकसान झालं ते माहीत असतं. त्याचा फायदा पण होतो आणि घात पण होतो, ओळखीच्या माणसाजवळ आपण बिनधास्त जवळ जातो. हे कुठल्याच प्रसंगात नव्हतं. सरांना सांगितल्यावर त्यांनी एक चांगलं केलं, प्रसंग सुरू करायच्या आधी आम्हाला त्या माणसाची माहिती तोंडी द्यायला लागले, की हा तुमच्या गावचा, दोन महिन्यांपूर्वी बायको गेली, एकदा तुम्हीच त्याला घरी सोडलंय. चित्र तेच, पण आमचं बोलणं लगेच बदललं. फुकटातली सुधारणा आहे, सगळ्यांनी करून घ्या.

गोळी सुटली की पडदा काळा होतो. याचा मला खूप त्रास झाला. शहरात काय होतं ते होवो, इथे गोळी सुटल्यानंतरच खरं काम सुरू होतं, कारण ॲम्ब्युलन्स पाऊण तासावर आणि जखमी माणूस तुमच्यासमोर जमिनीवर, त्याचे घरचे भोवती, आणि तुम्ही दोघंच. संयुक्त राष्ट्रांची बळाच्या आणि बंदुकीच्या वापराबाबतची जी मूलभूत तत्त्वं आहेत, १९९० साली हवानाच्या परिषदेत ठरलेली, त्यात पाचव्याच तत्त्वात लिहिलंय की जखमींना शक्य तितक्या लवकर वैद्यकीय मदत मिळाली पाहिजे. त्यातच विसावं तत्त्व ट्रेनिंगबद्दल आहे, की बळाला पर्याय शिकवा, समजूत काढणं, वाटाघाटी, मध्यस्थी शिकवा. मशीन विकणाऱ्यांनी ती दोन वाक्यं ट्रेलरच्या दारावर चिकटवावीत असं मला प्रामाणिकपणे वाटतं. आम्ही शेवटी आमचं आम्हीच केलं, गोळीबाराचा प्रसंग संपला की एकाने लगेच खाली झोपायचं, दुसऱ्याने आधी पिस्तूल होल्स्टरमध्ये, मग हातमोजे, मग त्याच्या मांडीला रक्त थांबवायचा पट्टा, टूर्निकेट म्हणतात तो, आवळायचा, वेळ लिहायची आणि वायरलेसवर निरोप द्यायचा. पहिल्यांदा दादांचे हात इतके थरथरत होते की पट्ट्याची काडी फिरवता येईना. नुसत्या सरावात! तर खऱ्यात काय होईल. या भागाला मी ट्रेनिंगइतकंच महत्त्व देईन आणि त्याला मशीन लागतच नाही.

छोट्या तक्रारी भराभर सांगते. लेसरचा नेम दुपारनंतर डावीकडे सरकायला लागला, एक वीतभर, आणि सेटिंग परत लावेपर्यंत तीन जणांचे निकाल चुकीचे धरले गेले, ते शेवटपर्यंत दुरुस्त केले नाहीत. गॅसची नळी सलग वापरली की गार पडते आणि झटका मंदावतो. टॉर्च! आमच्याकडे रात्री रस्त्यावर दिवे नसतात, सगळं काम टॉर्चवर, आणि त्यांच्याकडे सिस्टिमला जोडलेली टॉर्च नव्हती, आपली लावली की पडद्यावरचं चित्र पांढरं फटक, त्यामुळे अंधारातला सराव झालाच नाही. गावाकडच्या पोलिसाला अंधारातला सराव नाही म्हणजे अर्धी ड्युटी राहिलीच. बुक करायच्या आधी हे विचाराच. डोळ्यांवर लावायचा व्हीआर सेट पण आणला होता, अर्धा तास दिला, दोघांना मळमळलं, स्वतःचा पट्टा आणि हात नीट दिसत नाहीत, शेजारचा जोडीदार दिसत नाही. माझ्या मते सध्या तरी पडदाच बरा.

आता दुसऱ्या दिवशीचा शेवटचा तास, ज्याच्यामुळे माझं मत बदललं.

मी सरांना सरळ म्हटलं की तुमचे प्रसंग दीड मिनिटात संपतात आणि आमची मदत पंचेचाळीस मिनिटांनी येते, मधली साडेत्रेचाळीस मिनिटं आम्ही काय करायचं ते शिकवा. सर गप्प बसले, मग त्यांनी त्यांच्याकडचा एक प्रसंग लावला, माणूस गाडीच्या बोनेटवर बसलेला, हातात चाकू, स्वतःच्याच मनगटाजवळ धरलेला, आणि तो हलतो बसतो तेवढाच तुकडा फिरत ठेवला. आवाज बंद केला आणि स्वतः माईकवर त्या माणसाच्या वतीने बोलायला लागले. वेळ थांबवली नाही. आम्ही सत्तावीस मिनिटं बोललो, सुरुवात मी केली. पहिली पाच मिनिटं तो फक्त शिव्या देत होता. दहाव्या मिनिटाला माझा घसा कोरडा पडला आणि बोलायला काही सुचेना, तेव्हा कळलं की सुचेनासं झालं की माझा हात पिस्तुलाकडे जातो, धोका वाढलेला नसताना. म्हणजे शब्द संपले म्हणून. हे माझ्याबद्दल मला अकरा वर्षांत कळलं नव्हतं. मग मी बोलणं दादांकडे दिलं, त्यांनी त्याला गाडीबद्दल विचारलं, किती वर्षं झाली घेऊन, इंजिन काम केलंय का, असलं साधंसुधं, आणि तो हळूहळू उत्तरं द्यायला लागला. सत्ताविसाव्या मिनिटाला चाकू बोनेटवर ठेवला. आम्ही सगळे घामाने भिजलो होतो, गोळी एकही नाही.

हे शिकवता येतं आणि त्याचा उपयोग होतो याला आधार आहे. अमेरिकेत पर्फ नावाच्या पोलीस संशोधन संस्थेने २०१६ मध्ये आयकॅट नावाचं ट्रेनिंग काढलं, ज्यांच्याकडे बंदूक नाही पण चाकू-काठी आहे किंवा जे मानसिक संकटात आहेत अशा माणसांना कसं हाताळायचं त्यावर. तिथल्याच लुईव्हिल शहराच्या पोलिसांना ते दिल्यानंतर सिनसिनाटी विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासलं तर बळाच्या वापराचे प्रसंग सुमारे २८ टक्क्यांनी, नागरिकांच्या जखमा २६ टक्क्यांनी आणि पोलिसांच्या स्वतःच्या जखमा ३६ टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या. शेवटचा आकडा परत वाचा, जे म्हणतात की बोलत बसलं तर आपलाच माणूस मरतो त्यांच्यासाठी. शहर आहे ते, गाव नाही, हे लक्षात ठेवून सुद्धा. आणि आयकॅटमध्ये भर आहे तो विचार करायच्या पद्धतीवर, चर्चेवर आणि माणसांनी भूमिका घेऊन केलेल्या सरावावर.

तर घ्यावं का? घ्या, पण त्यांनी दिलेल्या यादीप्रमाणे घेऊ नका. आधी फोन करून विचारा: अंधारातला सराव होतो का, इन्स्ट्रक्टर माईकवर बोलून प्रसंग लांबवू शकतो का, मागे सरून बाहेर पडलं तर ते बरोबर उत्तर धरतात का, रेकॉर्डिंग तुमच्याकडे ठेवता येतं का. माणशी प्रसंग कमी करा, बाराच्या जागी पाच चालतील, पण प्रत्येकामागे बोलायला तेवढाच वेळ द्या. इन्स्ट्रक्टर कोण येणार हे मशीनपेक्षा महत्त्वाचं, आमचे सर ऐकून घेणारे होते म्हणून निम्मं वसूल झालं, दुसरा कुणी आला असता तर आम्ही दोन दिवस व्हिडिओ गेम खेळून घरी गेलो असतो. आणि वर्षातून एकदा करून सोडून देऊ नका. आम्ही आता महिन्यातून एकदा ठाण्याच्या मागच्या आवारात बिनमशीनचा सराव करतो, एकजण गाडीच्या बोनेटवर बसतो, हातात लाकडी पट्टी, घड्याळ लावून पंचेचाळीस मिनिटं.

पाचपैकी साडेतीन. अंधारातलं आणि मागे सरण्याचं दुरुस्त केलं तर पुढच्या वर्षी परत बोलावणार आहे आणि तेव्हा इथेच लिहीन.